माझा तास आणि मामींचा वर केलेला हात

मागच्या दुष्काळात माझी जागा माझ्याच व्हिडिओला द्यायचं ठरलं होतं.

मी एका शिकवणी संस्थेसाठी खर्चाचा हिशेब ऑनलाइन शिकवतो. म्हणजे कारखान्यात वस्तू बनवताना किती पैसा लागला, किती माल वाया गेला, ते मांडायचं शास्त्र. विषय फार सुंदर आहे. (असं मानणारा आमच्या घरात मी एकटाच.) कारखान्यातून वेळेआधी निवृत्ती घेतल्यापासून आठवड्यातले हे तीन तासच मला माणसांत ठेवत होते. समोर बत्तीस विद्यार्थी. 'समोर' हा शब्द मी जरा सढळ हातानं वापरतोय. पडद्यावर बत्तीस काळे चौकोन आणि प्रत्येकात एक नाव. "समजलं का?" विचारलं की शांतता. "नाही समजलं का?" विचारलं तरी तीच शांतता! एकदा न राहवून विचारलं, "आहात का?" तर एकानं अंगठा पाठवला. थोड्या वेळानं तोही मागे घेतला.

मग संस्थेच्या कदम मॅडमचा फोन आला.

"सर, तुमच्या तासाला मुलं एक शब्द बोलत नाहीत."

"ऐकतात ना पण!"

"ते कुणी बघितलंय? त्यापेक्षा तुमचं रेकॉर्डिंगच लावू. नाहीतरी व्हिडिओ दर वेळी तेच तेच विनोद सांगणार."

"मीपण तेच सांगतो की."

"मी तेच म्हणतेय, सर."

शनिवारी सकाळी मॅडम स्वतः तासाला येऊन बसणार होत्या. विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यात संवाद दिसला तर पुढची बॅच माझी, नाहीतर व्हिडिओची. नव्या लोकांना तास बघता यावा म्हणून त्या दिवशीची लिंक सगळ्यांसाठी खुली राहणार होती. हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि माझ्या डोक्यात दिवा पेटला. नवे लोक माझ्या घरातच दोन होते!

एक माझी बायको मंगल. दुसऱ्या तिच्या आई, म्हणजे आमच्या मामी. पिशोरला त्यांच्या विहिरीनं तळ गाठला, म्हणून पाऊस पडेपर्यंत त्या आमच्याकडं आल्या होत्या. आमची वसाहत बीड बायपासच्या पलीकडं. आम्ही प्लॉट घेतला तेव्हा चारी बाजूंनी ज्वारी होती, आता चारी बाजूंनी इमारती आहेत. घरं वाढत गेली, पाण्याचा पाइप मात्र होता तेवढाच राहिला. आठवड्यात एकदा नळाला पाणी आलं तरी गल्लीत सण असल्यासारखं वाटायचं. मामींनी पहिल्याच दिवशी निकाल दिला, "जावईबापू, आमच्या विहिरीला पाणी नाय. तुम्हाला तर विहीरबी नाय!"

त्या काळात गल्लीच्या तोंडाशी मी एक फळा लावला होता. वर माझ्या वळणदार अक्षरात, 'पाण्याचा थेंबही वाया घालवू नका.' ज्याच्या अंगणातला हौद भरून वाहील त्याचं नाव खाली खडूनं लिहायचं आणि पुढचं पाणी येईपर्यंत पुसायचं नाही, असा नियम. नियम माझा, खडू माझा, अक्षरही माझंच. शेजारचे शिंदे दोनदा त्या फळ्यावर झळकले होते. तेव्हापासून ते माझ्याशी फक्त मान हलवून बोलत.

तर मी दोघींना प्रश्न वाटून दिले. शनिवारचा धडा होता वाया जाणाऱ्या मालाचा. जी तूट होणारच म्हणून आधी धरलेली असते ती नॉर्मल, आणि जी टाळता आली असती ती अ‍ॅबनॉर्मल. मंगलनं विचारायचं, "सर, नॉर्मल लॉस किती धरायचा?" त्यानंतर मामींनी विचारायचं, "सर, अ‍ॅबनॉर्मल लॉस म्हणजे काय?" नावं मी खरीच ठेवली. खोटेपणा मला चालत नाही. फक्त नातं सांगितलं नाही.

रंगीत तालमीत तिघांचे फोन एका खोलीत असल्यामुळं अशी काही शिट्टी वाजली की शिंद्यांचं कुत्रं भिंतीवर चढलं. मग मी वाटणी केली. मी मागच्या खोलीत, मंगल स्वयंपाकघरात कानात फोनची बोंडं घालून, मामी पुढच्या खोलीत खिडकीपाशी. तिन्ही दारं बंद. मामींचा फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवला. तालमीत त्या मधूनच उठून गेल्या होत्या, कारण दारावरून कुणाची तरी मोकाट शेळी गेली. (जन्मभर शेळ्यामेंढ्या राखलेल्या बाईला ते सहन होत नाही.) म्हणून त्यांना बजावलं, "मामी, तास संपेपर्यंत जागचं हलायचं नाही. मध्येच बोलायचं नाही. काही असलं तर हात वर करायचा आणि मी 'बोला' म्हटल्यावरच बोलायचं."

"व्हय. तुमच्या सायबीनीसमोर तुमची मान खाली जाऊ देणार नाय मी."

अंगणातला हौद भरला की त्याच्या नळाचा कॉक बंद करायचं काम एरवी मंगलचं असतं. पण पाणी यायला माझ्या हिशेबानं अजून दोन दिवस होते. आणि माझा हिशेब चुकत नाही.

शनिवारी तास सुरू झाला. पस्तीस चौकोन, त्यातल्या फक्त दोनांत चेहरे. एक कदम मॅडमचा, एक मामींचा. मी शिकवायला लागतोय तोच मामींचा हात वर! मला घाम फुटला. अहो, आधी मंगलचा प्रश्न, मग तुमचा! मी गोड आवाजात म्हटलं, "प्रश्न आपण शेवटी घेऊ."

हात खाली गेला. लगेच पुन्हा वर आला. या वेळी दोन्ही.

"उत्साह चांगला आहे," मी म्हणालो, "पण आधी संकल्पना समजून घेऊ." मनात म्हटलं, एवढी तालीम केली, सगळी पाण्यात!

मंगलनं वेळेवर आपला प्रश्न विचारला. सूर अगदी शहागंजात भाजीचा भाव विचारावा तसा. मी उत्तर दिलं आणि उदाहरणं देत राहिलो. मामी आता उभ्या राहून एसटीला हात करावा तसा हात हलवत होत्या. मी त्यांच्याकडं बघायचंच बंद केलं.

तेवढ्यात कदम मॅडम बोलल्या. "सर, त्या आजी केव्हाच्या हात वर करून उभ्या आहेत. विद्यार्थी बोलत नाहीत की तुम्ही बोलू देत नाही?"

माझा चेहरा पडला. "बोला, यमुनाबाई. काय शंका आहे?"

"शंका कसली, जावईबापू! तुमचा हौद वाहू लागलाय! पाणी पार गल्लीच्या तोंडाला गेलं!"

स्वयंपाकघरातून मंगल ओरडली. माईक सुरूच होता. "आई! कधीपासून?"

"लई टैम झाला! तुझा सर म्हनतो, शेवटी विचारा!"

मी उठून पळालो. अंगणात पाऊल घातलं तर घोट्यापर्यंत पाणी, आणि फाटकाशी शिंदे. इतका आनंदी माणूस मी त्या दुष्काळात दुसरा पाहिला नाही.

"सर," ते म्हणाले, "खडू आणू का?"

मी घाईघाईत कॉक फिरवला आणि त्याची मूठ माझ्या हातात आली. नुसती मूठ! कॉक होता तिथंच, आणि आता तिथूनही पाण्याची चिळकांडी थेट माझ्या तोंडावर. मी अंगठ्यानं भोक दाबून धरलं. मागून मामी आल्या, हातात फोन. 'जागचं हलू नका' हे मी सांगितलं होतं, 'फोन बंद करा' हे कुठं सांगितलं होतं? सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता.

आणि तेव्हा, सहा महिन्यांत पहिल्यांदा, एका काळ्या चौकोनातून आवाज आला. शहागंजातला मोसीन.

"सर, एक डाउट है! ये नॉर्मल लॉस है के अ‍ॅबनॉर्मल?"

"अ‍ॅबनॉर्मल!" मी चिळकांडीतून ओरडलो. "टाळता आला असता तो अ‍ॅबनॉर्मल!"

"पण सर," ही छावणी भागातली प्रियंका, "तुम्ही घरचे तिघंही तासाला बसणार हे आधीच ठरलेलं होतं. कॉकपाशी कुणीच नव्हतं. मग हे होणारच होतं की! म्हणजे नॉर्मल!"

"नाही! माझा पाण्याचा हिशेब चुकला, म्हणून झालं!"

"सर, तुमचा हिशेब चुकणं हे नॉर्मल का अ‍ॅबनॉर्मल?"

पटापट चौकोन उजळले. बत्तीसच्या बत्तीस चेहरे! ज्याला मी सहा महिने "बाळा" म्हणत होतो त्याला पिकलेल्या मिशा होत्या. तो सांगत होता, "सर, अंगठा सोडा, आधी चिंधी बांधा!" इकडं मामींनी गल्लीत हाक दिली होती, "बायांनो, घागरी आणा! पानी वाया चाललं!" बघता बघता अंगणात रांग लागली. शिंदेही दोन बादल्या घेऊन आत आले.

"सर!" मोसीन पुन्हा. "पडोसियों ने जो भर लिया, वो लॉस में से माइनस करने का ना?"

"करायचं!" मोकळ्या हातानं मी डोळे पुसले. पाण्यामुळंही असेल. "शाब्बास! वाया गेलेल्या मालातून जे परत मिळतं ते वजाच करायचं!"

शेवटी मंगलनं जुन्या लुगड्याची चिंधी कॉकला करकचून बांधली आणि पाणी थांबलं. वर्गानं टाळ्या वाजवल्या. तिच्यासाठी.

संध्याकाळी मी फळ्यावर स्वतःचं नाव लिहिलं. शिंद्यांनी मागून सुचवलं, "सर, अक्षर जरा मोठं काढा. नवे लोक लांबून वाचतात." मग आत येऊन ते चहा पिऊन गेले. तेव्हापासून बोलतात.

कदम मॅडमचा फोन पुढच्या आठवड्यात, पाण्याच्या दिवशी आला. मी अंगणात दुरुस्त झालेल्या कॉकपाशीच उभा होतो.

"सर, पुढची बॅच तुमची. असा संवाद मी कुठल्याच तासाला पाहिला नाही. बाकीच्या शिक्षकांना आम्ही तेच रेकॉर्डिंग दाखवणार आहोत."

"आभारी आहे, मॅडम!"

"एक अट आहे. आजी वर्गाला सांगत होत्या, पाऊस पडला की पिशोरला जाणार; त्यांना जाऊ देऊ नका. मुलं त्यांनाच विचारतायत."

मी जरा ताठ झालो. विद्यार्थी-शिक्षक संवाद कसा वाढवावा यावर मॅडमना माझे चार विचार ऐकवावेत, असं मला वाटलं. मी ते ऐकवत होतो. समोरच्याचं ऐकणं किती महत्त्वाचं, या मुद्द्यावर आलो होतो. तेवढ्यात दिसलं की मामी दारात उभ्या आहेत, हात वर करून.

मी हातानंच थांबायची खूण केली. म्हटलं, हा मुद्दा संपू दे. मग एकदम पायाला गार लागलं.