अठराव्या चालीपुढचं ‘काऊन’

आमच्या तिरोड्याच्या बुद्धिबळ मंडळात चुकीच्या चालीपुढे प्रश्नचिन्ह काढत नाहीत. पेन्सिलीनं ‘काऊन?’ लिहितात. काऊन म्हणजे का. ज्याचा डाव, त्यानं रविवारी दुपारी वाचनालयाच्या माडीवर सगळ्यांसमोर प्रत्येक काऊनचं उत्तर द्यायचं. ही रीत मीच पाडली. पहिल्या पटावर, म्हणजे मंडळातल्या सगळ्यात तगड्या खेळाडूच्या जागी, कित्येक वर्षं मीच बसत होतो, आणि लोकांना काऊन विचारण्यात जे सुख आहे ते मला चष्मे विकण्यात कधी मिळालं नाही. हो, माझं चष्म्याचं दुकान आहे. पुढं जे घडलं ते या धंद्याला शोभणारं नाही.

देवरीकडून बदली होऊन एक सिस्टर इथल्या दवाखान्यात आल्या आणि आमच्या मंडळात चौथ्या पटावर बसू लागल्या. एकेक शेंगदाणा सोलत खेळायच्या. मला गंमत वाटायची. मग त्या तिसऱ्या पटावर गेल्या. मग दुसऱ्या. त्यांच्यापुढं आता एकच खुर्ची उरली, आणि तिच्यावर मी बसलेलो. भंडाऱ्याच्या संघाशी सामना ठरला होता. त्याआधी पहिल्या पटासाठी आम्हा दोघांचा एक डाव व्हायचा होता.

नेमक्या त्याच आठवड्यात त्या दुकानात आल्या. गोंदियाच्या एका खेळाडूशी हरलेल्या डावाचा कागद त्यांनी काउंटरवर ठेवला.

“भाऊ, एवढा पाहून द्या ना. जिंकून राहिली होती मी. कोठी चुकली, समजूनच नाही राहिलं.”

“ठेवा. पाहतो,” मी डॉक्टरसारखा म्हणालो.

अठराव्या चालीला त्यांनी अख्खा हत्ती देऊन नुसता घोडा घेतला होता. मी खूश झालो. काय ही बाई, हत्ती फुंकते. पट मांडला, ती चूक सगळ्यांना कशी रंगवून सांगायची याची मनात तालीम केली, आणि पुढच्या चाली खेळून पाहिल्या. घोडा गेला की काळ्याचा राजा उघडा. इकडं पळाला तर वजीर, तिकडं पळाला तर उंट. तीन वेळा खेळलो, तिन्ही वेळा राजा मेला. चहावर साय धरली. एक गिऱ्हाईक फ्रेम घालून आरशासमोर उभं होतं, त्याला मी “छान दिसून राहिली” म्हणालो. फ्रेम बायकांची होती.

खरी चूक बाविसाव्या चालीत होती. उंट आणायचा सोडून त्यांनी एक फुकटचं प्यादं मारलं आणि राजाला श्वास मिळाला. एवढंच. पण तो हत्ती मला उभ्या जन्मात सुचला नसता. छातीत असं काही पेटलं की मी दुपारचं जेवण टाळलं. मी पेन्सिल घेतली आणि अठराव्या चालीपुढं सुंदर अक्षरात लिहिलं, काऊन? बाविसाव्या चालीपुढं काहीच लिहिलं नाही.

रविवारी माडीवर मी तो हत्ती दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवला, मेलेलं पाखरू दाखवावं तसा.

“काऊन, सिस्टर?”

“द्याच लागत होता ना भाऊ. त्याचा राजा उघडा पडून राहिला होता.”

“मग पडला का?”

“नाही पडला.”

“हरल्या ना?”

“हरली.”

सगळे हसले. त्या नाही हसल्या. त्यांनी वही काढली आणि लिहून घेतलं. मला वाटलं होतं त्या भांडतील. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

पुढच्या रविवारी आमचा डाव झाला. पांढरी त्यांच्याकडं. विसाव्या चालीच्या आसपास माझ्या राजापुढं माझा घोडा आणि त्याच्यासमोर त्यांचा हत्ती, असा अगदी तोच देखावा उभा राहिला. त्यांचा हात हत्तीच्या वर गेला. हात तिथंच थांबला, मग बाजूला सरकला, आणि त्यांनी कडेचं एक प्यादं पुढं केलं.

मी जिंकलो. लोकांनी पाठ थोपटली. आणि मला हेवा वाटत होता तो त्या थांबलेल्या हाताचा. माझा हात तिकडं गेलाच नसता.

रीतीप्रमाणे जिंकणाऱ्यानं हरणाऱ्याचा कागद तपासायचा. आमच्यातले म्हातारे निवृत्त पोस्टमास्तर शेजारी येऊन बसले.

“बाई, हत्ती काऊन नाही देला?”

“भाऊनंच सांगतलं होतं ना, देऊ नोको म्हणून.”

पोस्टमास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांचा चष्मा माझ्याच दुकानातला, नंबर अगदी बरोबर. “तो जुना कागद आणा,” ते म्हणाले.

तो वहीतच होता. मी खोडरबर मागितलं, अठराव्या चालीपुढचं काऊन खोडलं, बाविसाव्यापुढं लिहिलं, आणि सगळ्यांसमोर पट मांडून तो हत्ती स्वतःच्या हातानं दिला. सिस्टरनी पुढचा उंट स्वतः आणून पाहिला.

“तुम्हाले तवाच दिसलं होतं?”

“हो.”

“मंग काऊन?”

“पहिल्या पटावर तुम्ही बसा,” मी एवढंच म्हणालो.

भंडाऱ्याला मी दुसऱ्या पटावर बसलो, त्यांच्या अगदी शेजारी. त्यांनी हत्ती दिला. या वेळी उंटही आणला. मी हरलो.

पुढच्या रविवारी माझा कागद त्यांनी तपासून आणला. सबंध कागदावर एकच काऊन. चूक म्हणून नाही, चालीला लागलेल्या वेळापुढं.

“भाऊ, एका साध्या प्याद्याले अकरा मिनिटं. काऊन?”

सगळी माडी माझ्याकडं वळली. रीत माझीच होती.

“तुमच्या पटावर पाहून राहिलो होतो,” मी म्हणालो. “जळून राहिलो होतो.”

त्यांनी एक शेंगदाणा सोलला, माझ्यापुढं ठेवला आणि कागदावर माझं उत्तर लिहून घेतलं.