तीन काड्या

हे सांगायचं मी बारा वर्षं टाळलं. दुकानात भिंतीवर टांगलेल्या त्या चार तारांच्या गिटारीकडे बोट दाखवून कुणी विचारलं, "मिस्त्री, वाजवता की काय?" तर मी म्हणायचो, "छे, एका माणसानं प्रेमानं दिलीय." यातला एकही शब्द खोटा नव्हता. खोटं बोलायची मला तशी सवय नाही. आयुष्यात एकदाच मन लावून बोललो आणि तेवढं पुरलं.

माझा धंदा मोटार वाइंडिंगचा. सोलापुरात पॉवरलूमच्या मोटारी जळायला काही कमी नाहीत, त्यामुळे चाळीस वर्षं बरी गेली. जळालेली तार उपसायची, वेढे म्हणजे टर्न मोजत नवी गुंडाळायची, वार्निश पाजायचं, सुकवायचं, मोटार फिरवून दाखवायची. "मिस्त्रीचा एक टर्न इकडचा तिकडे होत नाही," असं लोक म्हणायचे. हे वाक्य मी स्वतः कधी म्हणालो नाही. पण कुणी म्हणालं तर ते पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलायचो नाही.

गिटारवाला आमच्या मागच्या गल्लीतला. तेलुगू घरातला, माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. दिवसभर टॉवेलचे माग चालवायचा आणि लग्नसराईत, गणपतीत एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचा. गाण्याच्या खाली जो घुमणारा आवाज असतो, तो या बेसचा. लोकांना तो असला तर कळत नाही आणि नसला तर काहीतरी चुकलंय एवढं कळतं. त्याला मात्र त्या आवाजाचं केवढं कौतुक. मागाच्या खडखडाटात उभा असताना तो मनात बेस वाजवत असायचा, असं त्याच्या बायकोनं एकदा माझ्या बायकोला सांगितलं होतं, तक्रारीच्या सुरात.

एका सकाळी तो गिटार घेऊन दुकानात आला.

"मिस्त्री, पिकअप मेला."

"कोण मेला?"

"मरायला माणूसच लागतो काय बे? हे बघा की."

हे "बे" त्यानं मला उद्देशून म्हटलं नव्हतं. सोलापुरात ते वाक्याला आपोआप चिकटतं. त्यानं गिटारीच्या पोटावरची काळी डबी काढून दाखवली. ही डबी म्हणजेच पिकअप, तारांच्या खाली बसते. आत लोहचुंबक आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार. वर लोखंडी तार थरथरली की खालच्या तांब्यात वीज थरथरते आणि ती स्पीकरला जाते. त्याच्या गिटारीत डबीचे दोन तुकडे होते. एक दोन जाड तारांच्या खाली, दुसरा दोन बारीक तारांच्या खाली. आतली तार कुठेतरी तुटली होती.

"पुण्याहून नवा मागव," मी म्हणालो.

"शनिवारी बार्शीला प्रोग्राम हाय. मोटारी बांधता की तुमी. हे बी तारच हाय ना?"

"किती टर्न?"

"दहा हजार. एकेका तुकड्याला."

मी ऐकून घेतलं. मोटारीच्या कॉइलला शंभराच्या आसपास टर्न घालणारा माणूस मी.

"आणि मिस्त्री, जरा दणका वाढवा. आमचा ड्रमवाला मला खाऊन टाकतोय."

दणका म्हणजे टर्न जास्त. आम्ही अकरा हजार ठरवले, दोन्ही तुकड्यांना सारखे. सारखे का, ते त्यानं मला समजावायला घेतलं. मी हात वर केला. थ्री-फेज मोटारीत तिन्ही कॉइल समान नसतील तर काय होतं, हे मला शिकवायला निघाला होता.

बारीक तार मी मीटर दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून आणली. अडचण एकच होती. माझ्या वाइंडिंगच्या मशीनवरचा मोजणीचा आकडा तीन घरांचा. नऊशे नव्व्याण्णव झाले की पुन्हा शून्य. मग मी माझी पद्धत काढली. शून्य आलं की काडेपेटीतली एक काडी टेबलावर मांडायची. अकरा काड्या झाल्या की अकरा हजार. पहिला तुकडा, बारीक तारांचा, असा चोख झाला. काड्या परत पेटीत भरल्या आणि दुसरा घेतला.

त्या वेळी मी बिडी ओढायचो. एका हातानं तार धरलेली, डोळा आकड्यावर. अशा वेळी दुसरा हात बिडी आपोआप पेटवतो. पेटवायला काडी लागते, आणि काड्या समोर टेबलावर ओळीनं मांडलेल्याच होत्या. दुसऱ्या तुकड्याला मी तीन बिड्या ओढल्या. टेबलावर अकरा काड्या जमल्या तेव्हा तारेचे चौदा हजार टर्न झाले होते. तुकडा जरा गच्च भरलाय हे दिसलं होतं. मला वाटलं, हात सैल पडला असेल. मेण वितळवून दोन्ही तुकडे त्यात बुडवले, सांध्यांना डाग दिले, गिटार त्याला दिली. त्यानं दुकानातच जाड तार छेडली. काउंटरवरचे स्क्रू नाचले. तो खूश, मी त्याहून खूश.

सोमवारी तो परत आला.

"मिस्त्री, बारीक तारा बसल्यात. जाड तार बोलली की त्या गप होतात, सासरी आल्यासारख्या. प्रोग्रामभर जोरात मारून मारून बोटं सोलली."

मी म्हटलं, तपासतो. तो कोपऱ्यावर चहा सांगायला गेला आणि मी मल्टिमीटर लावला. एका तुकड्याचा आकडा दुसऱ्याच्या सव्वापटीहून जास्त. क्षणभर मीटरच बिघडलाय असं वाटलं. मग टेबलाखालच्या पत्र्याच्या डब्यात पाहिलं. शुक्रवारपासून तो ओतलेला नव्हता. बिडीची तीन थोटकं, तीन जळक्या काड्या. मला कळायला याहून जास्त पुरावा लागत नव्हता.

तो चहा घेऊन आला तेव्हा दुकानात एक कारखानदार येऊन बसला होता. त्याच्या शेडमधल्या सगळ्या मोटारी माझ्याकडे यायच्या.

"काय गिटारवाल्या, काय तक्रार?" त्यानं विचारलं.

"दोन तुकडे सारखे न्हाईत वाटतंय, मालक."

कारखानदार हसला. "मिस्त्रीचं मोजणं चुकतंय म्हणतोस? अरे, यांचा एक टर्न इकडचा तिकडे होत नाही!"

त्यानं ते वाक्य पूर्ण केलं. मी, सवयीप्रमाणे, मध्ये बोललो नाही. मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

"माग चालवायला लागून किती वर्षं झाली तुला?" मी विचारलं.

"वीस-बावीस."

"कानात कापूस घालतोस?"

"कोण घालतंय, मिस्त्री?"

"मग कॉइलला कशाला नावं ठेवतोस? दोन्ही सारखे आहेत, आत्ताच मीटर लावला. बारीक आवाज आधी जातो कानातनं. तपासून घे."

आवाजात मी काळजीसुद्धा घातली होती. त्यानं गिटार उचलून खांद्याला अडकवली. मग म्हणाला, "तुमी म्हणताय म्हंजे असंल." चहा तसाच ठेवून गेला.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं कळलं. दोन्ही तुकडे सारखे आहेत म्हटल्यावर त्यानं बारीक तारांवर जोर द्यायचं सोडलं. आपल्याला दबलेलं ऐकू येतंय ते आपल्या कानाचं, लोकांना बरोबर जात असणार, असा त्याचा हिशेब. लोकांना अर्थातच दबलेलंच जात होतं. दोन-तीन प्रोग्राम झाल्यावर ऑर्केस्ट्राचा मालक म्हणाला, तुझा हात गेला. बेसचं काम की-बोर्डवाल्याच्या डाव्या हाताकडे गेलं. त्या पूर्ण ऑर्केस्ट्रात नीट ऐकू येणारा माणूस एकच होता, आणि तो बहिरा म्हणून घरी बसला.

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मी विसरलोही असतो. पण दिवाळीनंतर तो दुकानात आला तो गिटार, नारळ, टोपी आणि स्वतः विणलेला टॉवेल घेऊन. चार गिऱ्हाइकांसमोर त्यानं माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला, टोपी घातली.

"हे कशाला रे?"

"सगळी तोंडावर गोड बोलत होती, मिस्त्री. खरं तुमी एकट्यानंच सांगितलं. न्हायतर मी स्टेजवर हसं करून घेत बसलो असतो." मग गिटार काउंटरवर ठेवली. "ही तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. घरात दिसली की हात शिवशिवतात."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझा आयुष्यातला तो एकमेव सत्कार.

बिडी मी त्याच आठवड्यात सोडली. डॉक्टर म्हणाले, फार चांगलं केलंत. नंतर एका रविवारी दार लावून तो जाड तारांचा तुकडा उलगडला आणि पुन्हा गुंडाळला, या वेळी वहीत एकेक हजार लिहून. मीटरला दोन्ही तुकडे सारखे आले. वाजवायला येत नाही, पण चारही तारा ओळीनं छेडल्या तर चौघी सारख्या बोलल्या. मग रोज ठरवायचो की आज नेऊन देऊ आणि सांगू. असं रोज ठरवण्यात सात वर्षं गेली.

शेवटी एक दिवस गिटार रिक्षात घातली आणि भर दुपारी त्याच्या शेडवर गेलो. बारा माग एकदम चालू. हवेत कापसाचं तूस तरंगत होतं, म्हणून मी नाकातोंडाला रुमाल बांधला. तो दोन मागांच्या मधे उभा होता, केस पिकलेले. गिटार बघून हसला. तारांवरून एकदा हात फिरवला, वाजवली नाही.

मी घाईघाईनं सगळं बोलून टाकलं. काड्या, बिड्या, मीटर, कारखानदार, सगळं. त्या आवाजात माझं मलाही ऐकू येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर म्हणूनच ते इतकं सुरळीत बोलता आलं. बोलून झाल्यावर मला हलकंसुद्धा वाटलं.

त्यानं मान हलवली. स्वतःच्या कानाकडे बोट केलं, मग माझ्या तोंडाकडे. माझ्या कानाशी येऊन ओरडला, "रुमाल काढा की! आता खरंच गेलेत कान. तुमी म्हणला होता तसंच झालं. ओठ दिसल्याबिगर कळत न्हाय मला!"

मागावरची माणसं खडखडाटात ओठांवरून बोलणं वाचतात. चाळीस वर्षं अशा शेडमध्ये मोटारी बसवल्यावर हे मला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही.

मी रुमाल खाली ओढला. तो माझ्या ओठांकडे टक लावून बघत होता, एखादा सूर पकडावा तसा. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "चहा घेणार का?"

"घेऊ की!" तो म्हणाला. गिटार त्यानं माझ्याच हातात परत दिली.

चहा झाला. बाहेर आवाज कमी होता, रुमाल खिशात होता, तो समोर बसून माझ्या ओठांकडे बघत होता. मी पावसापाण्याचं बोललो. त्यालाही आता पाच वर्षं होतील. तो अजून त्याच गल्लीत राहतो, रस्त्यात दिसला की लांबूनच हात जोडतो. वाक्य माझ्याकडे तयार आहे, फार मोठंही नाही. तुझे कान चांगले होते, तीन काड्या मी ओढल्या, मला माफ कर.