बिनगव्हाच्या ब्राउनीपायी महाबळेश्वर, तासगाव आन् विटा

माज्या भाचीला गहू चालत न्हाई, दूध चालत न्हाई, आन् मागल्या जत्रंपास्नं मी बी चालत न्हाई. यातलं पयलं दोन डॉक्टरनं सांगितल्यालं. तिसरं तिच्या आईनं.

तिची आई म्हंजे मनीषाताई, माजी चुलत बहीण. विट्याला दिलीया. दाजींचं सोनं गाळायचं दुकान पार तमिळनाडूत हाय. विट्याकडची निम्मी गडीमाणसं अशीच देशभर सोनं गाळत बसल्यात आन् जत्रंला तेवढी गावात उगवत्यात. मागल्या साली ताई पोरीला, इशूला, घिऊन आली आन् आल्या आल्या सगळ्यांना दम दिला, पोरीला गव्हाचं काय देऊ नका, आतड्याला तरास हुतो. दूध तर लांबच, अंगावर गांध्या उठत्यात. मला वाटलं, शहरात ऱ्हाऊन लागलेलं फ्याड हाय. मग मी इशूला मैद्याचं एक बिस्किट दिलं, ज्वारीचं हाय म्हणून. ताई उगाच घाबरती हे चारचौघात दाखवायचं व्हतं. पोरगी दोन दिस सलाइनवर व्हती. ह्यात हसण्यासारखं काय न्हाई, म्हणून फुडं जातो.

"माज्या पोरीला तू पाणी बी द्यायचं न्हाईस," असं ताई म्हणाली, आन् वरीसभर माजा फोन उचलला न्हाई.

औंदा इशूचा सातवा वाढदिवस नेमका जत्रंत आला. तिनं आजवर वाढदिवसाला केक कापलाय, पण खाल्ला न्हाई. दुसऱ्यांच्या तोंडात घालायची आन् आपण बघत बसायची. मी ठरवलं, औंदा तिला तिच्या नावाचं काय तर खायला घालायचं, आन् त्ये बी ताईच्या डोळ्यांदेखत. मोबाइलवर एक व्हिडिओ गावला. ब्राउनी. मैदा न्हाई, अंडं न्हाई, लोणी न्हाई, दूध न्हाई, साखर न्हाई. गोडी नुसती फळाची. म्हंजे ब्राउनीतनं ब्राउनी काढून टाकायची आन् ऱ्हायलं त्ये भाजायचं.

आई म्हणाली, "ती तुला दारात उभी करायची न्हाई."

म्हणलं, "मागच्या दारानं जातो."

दिवस पयला: महाबळेश्वर

व्हिडिओतल्या बाईनं स्ट्रॉबेरी घातली व्हती, म्हणून आमी महाबळेश्वर गाठलं. आमी म्हंजे मी आन् माजा दोस्त अमऱ्या. गाडी अमऱ्याची, पेट्रोल माजं, आन् रस्ता चुकला की शिव्या दोघांच्या. रहिमतपूरवरनं साताऱ्याला सकाळी लवकर निघा, नंतर उसाच्या ट्रॉल्या फुडं लागत्यात आन् त्यांच्या मागनं तुमी ध्यान लावत जाता. साताऱ्यातनं मेढ्याकडनं चढा. वळणं लय, पण गर्दी कमी. शनिवार-रविवार जाऊ नका. गेलात तर माज्या नावानं बोंबलू नका.

वर गेलं की सगळीकडं स्ट्रॉबेरी विथ क्रीम. एका रानाच्या कडंला टोपल्या मांडून बसलेल्या काकांना इचारलं, "गोड हाय का?"

"क्रीमसंगं लय गोड."

"क्रीम न्हाई घालायचं."

"मग साखर टाका."

"साखर बी न्हाई चालत."

काकांनी अमऱ्याकडं बघितलं. "ह्यांना शुगर हाय का?"

"न्हाई, ह्यो ब्राउनी करणार हाय," अमऱ्या म्हणाला, जसं काय मला काविळीनं धरलंय.

हंगाम सरत आला व्हता, त्यामुळं दोन पेट्या सवस्तात पदरात पडल्या. कणसाचे पॅटिस खाल्ले. ते मात्र खावा, खिशाला परवडत्यात. कोको पावडर बाजारात मिळाली, बिनसाखरंची. चाटून बघितली. चुलीतली राख आन् हिच्यात फरक एवढाच की राख फुकट असती.

दुपारपतूर घरी येऊन चाचणी घेतली. कुकरात तळाला मीठ पसरलं, शिट्टी काढली, रिंग काढली, वर ठेवलं भांडं. स्ट्रॉबेरीनं एवढं पाणी सोडलं की ब्राउनी न्हाई, कालवण झालं. आंबट. आईनं चमच्यानं ढवळलं आन् इचारलं, "ह्ये भाकरीसंगं खायचं का भातासंगं?"

तर स्ट्रॉबेरी बघायला महाबळेश्वरला जरूर जावा. ब्राउनीसाठी जाऊ नका.

दिवस दुसरा: तासगाव

साखरंवाचून गोड असं काय आपल्या मुलखात हाय, ह्याचं उत्तर अमऱ्यालाच सुचलं. त्याला वर्षाला एकच गोष्ट सुचती, ती त्या दिवशी सुचली. बेदाणा.

मसूरवरनं कराड, तितनं फुडं तासगाव. कराडात मिसळ खाऊन घ्या, फुडं नुसता ऊस आन् मग नुसती द्राक्षं. तासगावच्या अलीकडं रस्त्याला बेदाण्याची शेडं दिसायला लागत्यात. जाळ्यांचे मजल्यावर मजले, वर द्राक्षं पसरल्याली, खाली सावली. एका शेडात बायका बेदाण्याच्या काड्या निवडत व्हत्या. मालक लुंगीवर.

"खायला पायजे का द्यायला?" त्यांनी इचारलं.

"त्यात फरक हाय व्हय?"

"द्यायचा तो पिवळाधमक. त्याला गंधकाची धुरी दिल्याली असती, दिसायला नवरीवानी. खायचा तो ह्यो." त्यांनी तपकिरी, सुरकुतलेला, कुणी लग्नात देणार न्हाई असला बेदाणा माज्या तळहातावर टाकला. तोंडात टाकला आन् साखरंचा कारखाना कशाला काढलाय मानसानं, असं वाटलं.

मी सगळी कथा सांगितली. पोरीला गहू न्हाई, दूध न्हाई. निवडणारी एक मावशी मान वर न करता म्हणाली, "मग पोरगी जगती कशावर?"

"शिव्यांवर. तिची आई मला देती, ती ऐकती."

बाया हसल्या. मालकांनी किलोच्या पिशवीत वरनं दोन मुठी टाकल्या आन् सांगितलं, कोमट पाण्यात भिजव, मग वाट, केळं घाल. कोण्या व्हिडिओवालीपेक्षा लुंगीवाल्याला जास्त कळत व्हतं.

तितनं विटा तासाभराचं. ताईच्या घरी जायच्या आदी पीठ पायजे. ज्वारी मी घरनंच आणली व्हती, वाटलं विट्यातच ताजी दळू. जत्रंमुळं गिरणीत बायकांची रांग. गिरणीवाले तात्या डोक्यापास्नं भुवयांपतूर पांढरे.

"आदी कशाचं काढलं?" मी इचारलं.

"गहू. तुजं टाक मागनं."

"तात्या, जरा साफ करून काढता का? पोरीला गव्हाचा कण बी चालत न्हाई."

"आरं, पयल्या मुठीत काय येत असंल तेवढंच. पोटात जाऊन सगळं पीठच हुतंय."

मी आतड्याचं सांगितलं, डॉक्टरचं सांगितलं, सलाइनचं सांगितलं. तात्या म्हणाले, आमच्या टायमाला असली आतडी नव्हती. मागनं एक बाई म्हणाली, दळ की पटकन, पावणं आल्यात घरी.

मी ज्वारीची पिशवी उचलली, समोरच्या दुकानातनं वरीचे तांदूळ आन् राजगिरा घेतला, परत आलो आन् बारीक तोंड करून म्हणलं, "तात्या, उपासाचं हाय."

तुमाला सांगतो, गिरणी बंद झाली. तात्यांनी वरचा दगड उचलला, कुंचल्यानं पीठ झाडलं, फडक्यानं पुसलं, खालचा डबा बदलला. मगाशी घाई करणारी बाईच आता तात्यांना सांगाय लागली, "त्या कडंला बघा, गव्हाचं ऱ्हायलंय. उपासाचं हाय त्ये." तात्यांनी पयल्या दोन मुठी दळून बाहेर कोंबड्यांना टाकल्या आन् मग माजं दळण काढलं. जे डॉक्टरला जमलं न्हाई, त्ये वरीच्या तांदळानं करून दाखवलं.

"कुणाचा उपास म्हणायचा?" बाईनं इचारलं.

"भाचीचा. गव्हाचा हाय. जन्मभराचा."

ती "अगं बाई" म्हणाली. खोटं बोलाय गेलो व्हतो, निघालं खरंच. मला जरा चुकल्यावानी वाटलं.

दिवस तिसरा: ताईचं घर

रात विट्यातच काढून सकाळी मागच्या दारानं गेलो, तर ताई मागच्याच दारात भांडी घासत व्हती. अमऱ्या गाडी वळवून उभाच ऱ्हायला, पळायला बरं म्हणून.

"काय आणलंयस?" ताईनं इचारलं. हातातलं भांडं खाली ठेवलं न्हाई.

मी एक एक सांगितलं. बेदाणा, केळी, कोको, शेंगदाण्याचं तेल, वरी आन् राजगिऱ्याचं पीठ.

"पीठ कुटं दळलं?"

मी तोंड उघडायच्या आदी तिची सासू आतनं म्हणाली, "उपासाचं दळण घिऊन गेला म्हणं. तात्यानं गिरणी धुऊन काढली म्हणं. गावभर झालंय." विट्यात बातमी पिठापेक्षा बारीक दळली जाती.

ताईनं पदराला हात पुसले. मग इशूची भांडी काढून दिली. त्या भांड्यांच्या कडंला लाल नेलपॉलिशचा ठिपका हाय, इतरांच्यात मिसळू नयेत म्हणून. "ह्यातच कर. मी हितंच हाय."

ती खरंच हितंच व्हती. बेदाणा वाटताना, केळी कुस्करताना, खायचा सोडा घालून वर लिंबू पिळताना. इशू दाराआडनं एका डोळ्यानं बघत व्हती. मला मामा म्हणाली न्हाई. मी कुकरात मीठ तापत टाकलं, तेवढ्यात ताईला पोरीला आंघोळ घालायला आत जावं लागलं आन् मी पीठ लागलेले हात धुवायला बाहेर गेलो. दोन मिन्टं. तीन असतील.

ब्राउनी अशी फुगली की अमऱ्या गाडी बंद करून आत आला. वरनं बारीक तडा गेलेला, कडा सुटल्याल्या. इशू नव्या फ्रॉकात. शेजारपाजारचे पावणे जमले. ताईनं सुरी धुऊन पुसून आणली, आन् वरीसभरानं पयल्यांदा माज्याकडं बघून जराशी हसली. मी भांडं उलटं केलं आन् मला तुपाचा वास आला.

मी सासूबाईंकडं बघितलं. हळूच इचारलं, "मावशी, तूप?"

"मग? वाढदिसाला कोरडं भाजतोस व्हय? बोटभर लावलं भांड्याला, खाली बसू न्हाई म्हणून. तिला दूध चालत न्हाई, तूप कुटं दूध हाय?"

ऐकलं मी एकट्यानंच. इशूनं सुरी धरल्याली. ताई हसत व्हती. बोटभर तूप, कदाचित काय झालं बी नसतं. आन् गप बसायचं काम मला येतं, जन्मभर त्येच केलंय.

"थांब," मी म्हणलं. "ह्याला तूप लागलंय. हिला देऊ नका."

ताईचं हसू जागच्या जागी मावळलं. "कुणी लावलं?"

मावशींनी पदर सावरला. सत्तर वर्साची बाई, नातीच्या वाढदिवसाला पावण्यांत उभी. मी म्हणलं, "मीच. सवयीनं हात गेला."

ताईनं इशूच्या हातातनं सुरी काढून घेतली. आता आणखी वरीसभर फोन बंद, असं मला वाटलं.

मग मावशी म्हणाल्या, "त्यानं न्हाई. मी लावलं." आन् त्या आत जाऊन पाटावर बसल्या.

ती पयली ब्राउनी पावण्यांनी संपवली. सगळे म्हणाले, तुपामुळं चव आली.

इशू रडली न्हाई. तिला सवय हाय. त्येच बघवंना. मी पिशवी झटकली. थोडं पीठ ऱ्हायलं व्हतं, मूठभर बेदाणा, तीन केळी. ताईनं स्वतः भांडं राखंनं घासलं, दोनदा. ह्या वेळी घाईत आच मोठी झाली आन् ब्राउनी झाली भाकरीएवढी जाड, खालनं करपली. मेणबत्ती त्यात रुतंना. मग ऱ्हायलेलं एक केळं शेजारी ठेवून त्यात रोवली. इशूनं फुंकली, तुकडा कापला आन् माज्याफुडं धरला.

"आदी तू खा मामा."

मी खाल्ला. ती माज्या तोंडाकडं बघत ऱ्हायली. बरा येळ. मग ताईकडं बघितलं. ताईनं मान हलवली. इशूनं तुकडा तोंडात टाकला.

"खालनं करपलंय," ती म्हणाली, आन् दुसरा घेतला.

परत घरी

पुसेसावळीवरनं आलो. रस्ता बरा हाय, मधी एका ठिकाणी भजी चांगली मिळत्यात, पण तवर आमच्या खिशात भज्याएवढंच ऱ्हायलं व्हतं. ही ट्रिप कुणाला करायची असंल तर महाबळेश्वर वगळा, बेदाणा तपकिरी घ्या, गिरणीत उपासाचं सांगा, आन् भाजायचं भांडं एकटं सोडून जाऊ नका. कर्जात न्हाई पडणार, पण केळी पाच जास्त घ्या.

आईला सगळं सांगितलं. ती पीठ मळत ऐकत व्हती. तुपापतूर ऐकलं आन् हात थांबवला.

"तू सांगितलंस? सगळ्यांफुडं?"

"व्हय."

"आन् म्हातारीचं आपल्या अंगावर घेतलंस?"

"व्हय."

"दुसऱ्या कुणाला सांग जा ह्ये," म्हणाली आन् पिठाच्या हातानं ताईला फोन लावला, स्पीकरवर. दोन रिंगांत उचलला.

"मनीषा, ह्यो सांगतोय त्ये खरं हाय का?"

पलीकडं भांड्याचा आवाज. मग ताई म्हणाली, "व्हय काकी. खरं हाय. आन् त्याला म्हणावं, आमी जायच्या आदी एक डाव ये. आच बारीक ठेव म्हणावं."

आईनं फोन ठेवला. परातीतलं पीठ परत मळाय लागली.

"गावात कुणाला सांगू नगंस," म्हणाली. "कुणी बी इस्वास ठेवायचं न्हाई."

म्हणून हितं लिवलं.