तीन प्रश्नांची खिडकी

श्री. सीतारामजी इंगोले यांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत, म्हणून अमरावतीला हा ग्रंथ निघतो आहे. समितीची मंडळी अकोल्याला आली आणि म्हणाली, बाई, तुम्हीही लिहा. मी म्हटलं, माझी शाळा चौथीत सुटली, माझ्याकडून काय लिहून घेता? तर म्हणाले, बोलता तसं लिहा, फक्त जरा आदरानं. आदर आहेच. तो सजवून मांडता येत नाही, तेवढं वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

सीतारामजी अकोल्याच्या कचेरीत नक्कलनवीस होते. खटल्याची, जमिनीची जुनी मिसल असते, म्हणजे कागदांची शिवलेली चळत. तिची हातानं उतरवलेली खरी प्रत लोकांना लागते. ती देणं हे त्यांचं काम. हे काम पुष्कळांनी केलं. पण सीतारामजींच्या मनानं एकच गोष्ट धरली होती. नक्कल मागायला आलेल्या माणसावर ‘आत कोणी ओळखीचं आहे का’ असं विचारायची पाळी येऊ नये. आत कोणीही बसो, बाहेर कोणीही उभं राहो, नक्कल मिळावी. सगळी नोकरी त्यांनी यापायी घातली.

माझी त्यांची ओळख भांडणातून झाली. आम्ही धम्माची दीक्षा घेऊन आलो त्याच्या पुढच्या साली माझा नवरा वारला, आणि बाळापूरकडचं आमचं वावर दिरानं आपल्या एकट्याच्या नावावर चढवून घेतलं. खाली निकाल माझ्या विरुद्ध गेला. अमरावतीला अपील करायचं तर सगळ्या मिसलीची नक्कल हवी. ती मिसल सासऱ्यांच्या वेळेपासून वाढत आलेली, दोन हातांत धरून उचलावी लागे.

तेव्हाची रीत अशी होती. मिसली आतल्या खोलीत बंद. नक्कलनवीस बाहेर व्हरांड्यात. चपराशानं आतून थोडी पानं आणायची, नक्कलनविसानं उतरवायची, ती पानं आत गेली की पुढची बाहेर. लहान मिसल असली तर निभत असे. मोठी असली की माणूस झिजे, कारण प्रत्येक खेपेला चपराशाच्या मागं अर्जदारानंच लागायचं. चपराशी पहिल्यांदा विचारी, “तुमी कोनाच्या?” याचं उत्तर माझ्याकडं एकच होतं आणि ते ऐकून तो उठत नसे.

एक दिवस मी व्हरांड्यातच सुरू झाले.

“अहो बाबू! मले नक्कल पायजे. हे पानं आत-बाहेर कराचं काम मायावर काहून? मी का तुमची हमाल हावो?”

सगळे हसले. एका बाबूंनी टाक खाली ठेवला.

“बाई, पुन्हा सांगा. तुमाले नेमकं काय पायजे?”

“बहिरे हा काय? या मिसलीची नक्कल. पयल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. अमरावतीले पोचली पायजे.”

“बस? आनखी काई?”

“आनखी काय पायजे? च्या पाजता काय?”

ते सीतारामजी होते. चहा त्यांनी खरोखर मागवला. पण कपाकडे लक्ष न देता ते आपल्याशीच बोलले, “एवढंच तर पायजे लोकाईले. बाकीचं त्याईले माहीत असाची गरजच नाई.”

पुढं माझी मिसल त्यांच्याकडंच आली. दिवसामागून दिवस गेले, नक्कल झाली, मूळ आणि नक्कल समोरासमोर धरून वाचायला ते बसले आणि तिथंच थांबले. सुरुवातीची पानं उतरवून झाल्यावर कोणी तरी मिसलीत पोलीस पाटलाचा जबाब शिवून टाकला होता, अगदी पहिल्या पानांत. शेवटी उतरवलेल्या, मिसलीतल्या कागदांच्या यादीत तो जबाब होता, आणि नकलेत मात्र नव्हता. जबाब माझ्या बाजूचा. मी म्हटलं, एक पान लिहा, मधी घाला, संपलं.

“बाई, मग ही नक्कल कोन्त्या दिवसाची म्हनू? सुरू केली त्या सोमवारची म्हटली तर जबाब नव्हता. आजची म्हटली तर मागचे पानं जुने. अशी मिसल कोन्त्याच दिवशी नव्हती.”

“मले दिवस नाई पायजे, मले वावर पायजे!”

त्यांनी माझं ऐकलं नाही. सगळी नक्कल नव्यानं उतरवायला घेतली. मी तिथंच त्यांना नाही नाही ते बोलले. ते लिहीत राहिले. दुपारी आपली भाकर अर्धी करून माझ्यापुढं सरकवली, तीही मान वर न करता. रागात होते तरी खाल्ली. अमरावतीच्या वकिलानं पुढची तारीख मागून घेतली आणि नवी नक्कल पोचली. समोरच्या वकिलानं तिच्यात खोट काढायची पुष्कळ खटपट केली, पण सापडली नाही. वावर अर्धं मिळालं. सगळं मिळायला हवं होतं, हे माझं म्हणणं आजही आहे. निकालाचा कागद सीतारामजींनी मला दोनदा वाचून दाखवला. एकदा लिहिला होता तसा, आणि एकदा आपल्या बोलीत, थांबत थांबत, मला रडायला वेळ देत.

त्यानंतर त्यांनी ती खिडकी उभी केली. वरच्या साहेबांच्या मागं लागून नक्कलनविसांची मेजं व्हरांड्यातून उचलली आणि मिसलींच्या खोलीतच मांडली. आता पान बाहेर येण्याचं कामच उरलं नाही, नक्कल तेवढी बाहेर येणार. व्हरांड्याकडच्या भिंतीत एक खिडकी. खिडकीवर तीन प्रश्न: कोणती मिसल? कुठून कुठपर्यंत? नक्कल कुठं पोचवायची? चौथा प्रश्न नाही. आत मिसली उसवून पुन्हा शिवायला माणूस हवं होतं, तेव्हा मी अर्ज केला. त्यांनी मला इतरांबरोबर रांगेत बसवलं, जाड कागदावर सुई चालवून दाखवायला लावली, आणि ओळख आहे असं तोंडावरही दिसू दिलं नाही. मला तेव्हा राग आला होता.

हेडक्लार्क साहेबांना चौथा प्रश्न हवा होता. “नक्कल काहून पायजे, हे इचारलं तर बिगडते काय, इंगोले?”

“साहेब, आज इचारलं, तर उद्या जबाब आवडला नाई म्हनून कोनी नक्कल अडवंल. अन् खिडकीवर एकदा इचारलेलं मंग काढता येत नाई. लोक घरून जबाब पाठ करून येतात. बाप पोराले शिकवते.”

खिडकीनं उत्तर काय द्यायचं यावरही वाद झाला. पूर्वीचं उत्तर होतं ‘उद्या या’. सीतारामजी म्हणाले, दिवसाकाठी जेवढी पानं उतरली तेवढी द्या, आणि चिठ्ठीवर लिहा की अमुक पानापर्यंत झाली. बाकीची त्याला तिथून पुढं मागता येतील. साहेब म्हणाले, अर्धी नक्कल कोणी देतं काय? “अर्धी हाय असं सांगून देल्ली तर त्यात खोटं काय? पुरी म्हनून देल्ली तर खोटं.” माझ्या मिसलीतला घोळही ते विसरले नव्हते. नक्कल सुरू होईल त्या दिवशी मिसलीच्या शेवटी पिवळा दोरा बांधायचा, नंतरचा कागद दोऱ्याच्या पलीकडं लावायचा आणि नक्कल दोऱ्यापर्यंतच, तिच्यावर तो दिवस घालून. साहेब भडकले, “साहेबाचा हुकूम तुमच्या दोऱ्यासाठी थांबंल काय?” सीतारामजी म्हणाले, “थांबत नाई, दोऱ्याच्या मांगं जाऊन बसते.”

आमच्यात गफूरभाई म्हणून वयानं मोठे नक्कलनवीस होते. जुन्या मिसलीत कोरी पानं फार. गफूरभाई कोऱ्या पानासाठी कोरा कागद लावत आणि त्यावर ‘खरी नक्कल’ असा शिक्का ठोकून सही करत. सीतारामजींनी हटकलं तर म्हणाले, “अरे इंगोले, असल भी कोरा, नक्कल भी कोरी. इससे सच्ची नक्कल लाके बता!” सीतारामजी पोट धरून हसले. मग ठरलं की एका ओळीत लिहायचं, येथून येथपर्यंत पाने कोरी. गफूरभाई शेवटपर्यंत म्हणत राहिले की त्यांची सगळ्यात बिनचूक कामं इंगोलेनं बंद केली.

सीतारामजी कोणावर ओरडले असं मी कधी ऐकलं नाही. माझ्यावर मात्र चिडायचे, कारण मी खिडकीवर कोणाची म्हातारी रडताना दिसली की तिची मिसल पुढं सरकवायचे. “सुभद्राबाई, तुमाले दया आली. उद्या दुसऱ्याले दुसऱ्याची येईन. मंग पुन्हा तेच, तुमी कोनाच्या?” मी मिसल मागं ठेवायचे. त्या म्हातारीला ते नंतर स्वतः पाण्याचा तांब्या नेऊन द्यायचे.

मग ते निवृत्त झाले आणि अमरावतीला मुलाकडं गेले. निरोपाच्या दिवशी मी म्हटलं, “आता आमचं कसं होईन?”

“काई न व्हावं, हेच तर पायजे.”

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेले. वाटलं, आज काही तरी अडेल. खिडकी उघडली. तीन प्रश्न झाले, चिठ्ठ्या गेल्या, दोरे बांधले गेले. दुपार झाली, संध्याकाळ झाली. कोणीही विचारलं नाही की कालपर्यंत इथं बसत होते ते कुठं गेले. शिवता शिवता मी बोटात सुई टोचून घेतली आणि घरी गेले.

पुढं अमरावतीला नात्यात गेले तेव्हा त्यांच्या घरी गेले. बसायच्या आधीच बोलले, “तुमच्याबिना काईच अडलं नाई.” टोचावं म्हणूनच बोलले होते. त्यांचा चेहरा असा उजळला की मी बघत राहिले.

“खरंच? कोनीच इचारलं नाई?”

“कोनीच नाई.”

“अवं, ऐकलं काय?” त्यांनी आत वहिनींना हाक मारली. “आज गोड करा! अकोल्यात मले कोनी इचारत नाई!”

वहिनींनी शिरा केला. मी खाल्ला.

त्यांना हवं होतं ते त्यांना मिळालं. माझं काय, ते या ग्रंथात लिहायची रीत आहे की नाही मला माहीत नाही, पण मी लिहिते. मला त्या खोलीत त्यांचा खोकला ऐकायचा आहे. ‘ही कोन्त्या दिवसाची?’ असं कोणी तरी मला विचारायला हवं आहे. परवा मूर्तिजापूरकडची एक बाई नक्कल घेऊन पायऱ्या उतरली. कोणाचं नाव न घेता आली, कोणाचे पाय न धरता गेली. मला तिच्या मागं पळत जाऊन सांगावंसं वाटलं की बाई, ही खिडकी आपोआप उगवली नाही. गेले नाही. त्यांना ते आवडलं नसतं.

सीतारामजींना खूप आयुष्य मिळो, डोळ्यांना अक्षर दिसत राहो, पायांत अकोल्यापर्यंत येण्याचं बळ राहो. कारण मला ते हवे आहेत. हारतुरे अमरावतीत होऊ द्या. नंतर एक दिवस त्यांनी न कळवता यावं आणि व्हरांड्यात रांगेत उभं राहावं. कोणती मिसल, कुठून कुठपर्यंत, कुठं पोचवायची, एवढं सांगावं. आत बसलेली नवी मुलं त्यांना ओळखणार नाहीत, नक्कल मात्र देतील. त्यांना याहून मोठा सत्कार नको असेल. मी आतून बघेन आणि गप्प राहीन. फार तर पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येईन, आणि तो रांगेतल्या सगळ्यांना देईन, म्हणजे त्यांना बोलायला जागा राहणार नाही.