अक्कांचं पान

"उघडून बघितलंस?"

अक्कांना काहीही सांगायला गेलं की आधी हा प्रश्न यायचा. अमुक साइटवर अक्षरांचे टाइप फुकट मिळतात म्हणे, तमक्या ठिकाणी फोटो स्कॅन करायची चांगली माहिती आहे म्हणे. 'म्हणे' कानावर पडलं की त्या चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या, डोळे चिमटीत दाबायच्या आणि विचारायच्या, "उघडून बघितलंस?" नाही म्हटलं की संपलं. "मग कशाला सांगतोस? जा, बघून ये."

ज्याच्याकडे मदतीला जायची धास्ती वाटते आणि तरी आपण जातोच, असं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आमच्या अक्का तशा होत्या.

नव्वदीचं दशक उतरणीला लागलं होतं. मी पुण्याहून बंगलोरला येऊन एका जाहिरात कंपनीत फोटो काढत होतो. मग नोकरी सोडली आणि उदबत्तीच्या पुड्यांचे, रेशमी साड्यांचे फोटो काढायचं स्वतःचं काम धरलं. त्याच पुड्यांची डिझाइनं अक्का करायच्या. त्याही कुणाच्या नोकर नव्हत्या. आमची ओळख जयनगरातल्या एका छापखान्यात झाली, आणि तीही भांडणात. लाल रंग विटकरी छापला म्हणून मी हिंदीत तणतणत होतो, बाजूला एक चष्मेवाल्या बाई त्याच माणसाशी कन्नडमध्ये भांडत होत्या. वैतागून माझ्या तोंडून "कर्म माझं!" निघालं. बाई माझ्याकडे वळल्या.

"मराठी काय रे तू? तर मग गप्प रहा स्वल्प. दोघं मिळून ओरडलो तर त्याला एकाचंही कळणार नाही. आधी मी ओरडते."

त्यांच्या घराण्याला बंगलोरात किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मराठी घरात बोलायचं आणि बाकी सगळं कन्नडमध्ये, त्यामुळे दोन्ही एकमेकांत मुरलेलं. लग्न केलं नव्हतं. धाकट्या भावाच्या घरात वरच्या मजल्यावरची खोली त्यांची. टेबलावर कंप्युटर, शेजारी मोडेम, आणि मोडेमची तार जिन्यावरून खाली उतरून हॉलमधल्या फोनला जोडलेली. घरातली निम्मी भांडणं त्या तारेवरून व्हायची.

तुमच्यातल्या वयस्करांना आठवत असेल, तेव्हा इंटरनेट फोनच्या लाइनवरून यायचं, आणि कुणी फोन उचलला की तुटायचं. दुपारी जरा शांतता असते म्हणून अक्का एखादी मोठी फाइल उतरवायला लावायच्या. ती मुंगीच्या पावलांनी येत राहायची. अगदी शेवटाला आली की खाली वहिनी माहेरी बोलायला रिसीव्हर उचलायच्या.

"वहिनीऽऽ!"

"अय्यो, चालू होतं काय? मला इथनं कसं दिसणार ते?"

दोघींचंही खरं होतं, म्हणून त्या भांडणाचा कधी निकाल लागला नाही. अक्का डोळे दाबून बसायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायच्या.

हे सगळं कशासाठी, तर त्यांच्या पानासाठी. एका परदेशी कंपनीनं लोकांना फुकट जागा देऊ केली होती, तिथं अक्कांनी स्वतःचं एक पान केलं होतं. आपल्यासारखं एकट्यानं काम करणाऱ्यांना, म्हणजे डिझाइन करणारे, फोटो काढणारे, यांना उपयोगी पडतील अशा साइटींचे पत्ते तिथं असायचे. ब्लॉग हा शब्द तेव्हा आमच्यापर्यंत आला नव्हता, पण आपापल्या पानावर रोजनिशी लिहिणारी काही माणसं होती, त्यांच्यासाठीही एक कोपरा होता. पत्ते काय, कुणीही देतं. अक्का प्रत्येकाखाली एक शेरा लिहायच्या. लिहायच्या इंग्रजीत, पण मला ते शेरे त्यांच्या बोलण्यातच आठवतात.

"माणूस खरा आहे, पण पान उघडेपर्यंत कुकर होतो."

"रंग पडद्यावर छान. छापलात तर रडाल."

"अक्षर देखणं, पण ळ नाही. ळ सोडून मराठी कुणी लिहायचं?"

ळ सापडला तरी त्यांचं समाधान नव्हतं. 'दऱ्या'मधला आडवा र कुठल्याच फुकट टाइपात सापडेना. असे टाइप बनवणाऱ्या एका परदेशी माणसाला त्यांनी मेल लिहिली. त्याचं सभ्य उत्तर आलं, की हे अक्षर नेहमी लागतं का?

"नेहमी लागतं का विचारतोय!" अक्का माझ्यावरच ओरडल्या. "त्याच्या नावातलं एक अक्षर काढून टाकू काय म्हणावं? नेहमी कुठं लागतं?"

त्यांनी खरंच तसं लिहिलं. परत उत्तर आलं नाही. पण पानामुळे दुसरी खूप माणसं त्यांना लिहायला लागली. कुठून कुठून मेल यायच्या. हे कसं करू, ते कुठं मिळेल. अक्का वाचताना कपाळाला हात लावायच्या, "एवढंही कळत नाही यांना?" म्हणायच्या आणि लांबलचक उत्तर लिहायला बसायच्या. बंद पडलेल्या साइटी त्या नेमानं काढून टाकत. मी म्हणायचो, "राहू द्या की, अक्का." त्या म्हणायच्या, "मेलेल्या माणसाचा पत्ता देतोस काय कुणाला?"

त्या दिवसांत बंगलोरात उठेल तो डॉट कॉम काढत होता. अशाच एका नव्या कंपनीच्या साइटवर मला अक्कांचं पान दिसलं. जसंच्या तसं. वरचं नाव काढलं होतं, शेरे सगळे तेच. घाई इतकी, की खाली एका शेऱ्यात अक्कांचा मेलचा पत्तासुद्धा तसाच राहिला होता.

मी संतापून त्यांच्याकडे गेलो. अक्कांनी शांतपणे शेवटपर्यंत पाहिलं.

"माझा कुकरसुद्धा घेतलाय रे."

मी सुचवलं, आपल्या पानावर एखादी मुद्दाम खोटी माहिती घालू. त्यांनी उचलली की रंगेहाथ सापडतील.

"खोटं लिहू? चोर ते आहेत. तिथं वाचणारा चोर नाही." मग चष्मा लावत म्हणाल्या, "असू दे. चार लोकांना जास्त कळेल. सरी."

मला त्यांचं ते कन्नड 'सरी', म्हणजे 'ठीक आहे', मुळीच पटलं नव्हतं.

पुढं जे झालं ते बेळगावहून आलेल्या एका मेलनं. तिथल्या एका फोटो स्टुडिओवाल्यानं लिहिली होती. जुन्या फोटोंवरचे ओरखडे पुसणारा एक छोटा प्रोग्रॅम एका साइटवर मिळायचा. अक्कांनी त्याखाली लिहिलं होतं, "डोळे झाकून घ्या." पुढं ती साइट दुसऱ्या कुणाच्या हातात गेली आणि त्या प्रोग्रॅमबरोबर व्हायरस यायला लागला. अक्कांनी कळल्या दिवशीच ती आपल्या पानावरून काढली. डॉट कॉमवाल्यांच्या नकलेत ती तशीच होती, शेऱ्यासकट. बेळगावकरांनी तिथून प्रोग्रॅम घेतला आणि त्यांचा कंप्युटर धुऊन निघाला. एका मुलीच्या लग्नासाठी तिच्या वारलेल्या आईचा एकुलता एक फोटो ते दुरुस्त करत होते. मूळ फोटो फाटलेला. कित्येक दिवस खपून जोडलेलं काम गेलं.

"तुम्ही डोळे झाकून घ्या म्हणालात," त्यांनी लिहिलं होतं. "घेतलं. आता त्या पोरीला काय सांगू?"

"अक्का, त्यांना कळवा," मी म्हणालो. "ते पान तुमचं नाहीच."

"पान माझं नाही," अक्का म्हणाल्या. "वाक्य माझं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या स्कूटरवर मागं बसल्या आणि आम्ही डॉट कॉमवाल्यांच्या ऑफिसात, व्हाइटफील्डला निघालो. तेव्हा तिकडं जाणं म्हणजे परगावीच जाणं. खड्डे, लाल धूळ, मधेच शेतं, आणि शेवटी काचेची इमारत. आत थंडगार हवेत आम्हांला भेटायला आला तो मुंबईचा एक मराठी मुलगा. शर्टाला कंपनीचा बिल्ला, चेहऱ्यावर हसू.

"मॅडम, ॲक्च्युअली लिंक्स तर सगळ्यांच्याच असतात ना."

"लिंक ठेव तू," अक्का म्हणाल्या. "सगळं ठेव. माझं नावही नको मला. ही एक साइट काढ. आत्ता, माझ्यासमोर."

"शुअर. मी टेक्निकल टीमला सांगतो."

"कुठं बसते ती?"

"मॅडम, त्याची एक प्रोसेस असते."

"लोकांचे कंप्युटर मरतायत रे तिकडं!"

"आय अंडरस्टँड, मॅडम." त्यानं आम्हांला कॉफी दिली. निघताना कंपनीचं नाव छापलेली एकेक टोपीही दिली. तो उद्धट असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. परतीच्या वाटेवर एका सिग्नलला अक्कांनी टोपी शेजारच्या फुलवाल्या म्हाताऱ्याला देऊन टाकली. त्याच्या डोक्यावर ऊन होतं.

साइट निघाली नाही. अक्का रोज फोन करायच्या. रोज वेगळा माणूस उचलायचा, आणि प्रत्येकाला त्या पहिल्यापासून सगळं सांगायच्या.

बेळगावकरांना मात्र त्यांनी लगेच लिहिलं होतं, तो फोटो मला पाठवा. त्यांचा पोस्टावर विश्वास नव्हता. ते स्वतःच बसनं आले. जाडजूड, घामाघूम, छातीशी पुठ्ठ्यांत बांधलेलं पुडकं. दारात उभे राहूनच म्हणाले, "त्या डोळे झाकून घ्या म्हणणाऱ्या बाई तुम्हीच काय?"

"मीच. आणि तुम्ही डोळे झाकून घेणारे. दुसरी प्रत का ठेवली नव्हती?"

"आता माझीच चूक होय?"

"दोघांची. आत या. जेवलात काय?"

वहिनींनी त्यांना आधी सारभात वाढला.

फोटोचे तुकडे स्कॅनरवर ठेवले की घड्या चमकायच्या. म्हणून मी ते खिडकीशी मांडून कॅमेऱ्यानं टिपले, फिल्म धुऊन आणली, मग ती कंप्युटरवर घेतली. तरुण बाई होती, नाकात नथ, डोळे जरा घाबरलेले. हनुवटीचा तुकडाच हरवलेला. बेळगावकरांनी आधी ती अंदाजानं काढली होती. "बरी दिसत होती," ते म्हणाले.

"बरी म्हणजे? कुणाची होती ती?" अक्कांनी विचारलं. "मुलीचा फोटो आहे काय तुमच्याकडं?"

होता. लग्न ठरवताना त्यांनीच काढलेला. अक्कांनी तो समोर उभा केला आणि लेकीची हनुवटी बघत बघत आईची काढायला घेतली. अर्धी झाली आणि वीज गेली.

पडदा काळा. अक्कांनी शेवटचं सेव्ह कधी केलं होतं ते त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. प्रती ठेवायचा उपदेश त्यांनी नुकताच केला होता. बेळगावकर काहीतरी बोलणार होते, पण त्यांनी अक्कांकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "अक्का, होतं असं."

वीज आली, त्या पुन्हा पहिल्यापासून बसल्या. या खेपेला बेळगावकर शेजारी खुर्ची ओढून दर थोड्या वेळानं म्हणत होते, "सेव्ह." अक्का म्हणत होत्या, "कळलं हो." चेहरा पुरा झाला तेव्हा दिवेलागण झाली होती. बेळगावकर बघत राहिले. "पोरगीच दिसते की हो," म्हणाले, आणि उपरण्यानं तोंड पुसायच्या निमित्तानं खिडकीकडे वळले.

लग्नानंतर त्यांची मेल आली. मुलगी फोटोसमोर उभी राहिली आणि पहिल्यांदा म्हणाली, मी आईसारखी दिसते. अक्कांनी ती मला वाचून दाखवली आणि लगेच चिडून म्हणाल्या, "उजव्या कानाजवळ एक घडी राहिलीय. मला आत्ता दिसतेय."

त्यानंतर पानावरचे शेरे बदलले. "डोळे झाकून घ्या" असं त्यांनी पुन्हा कशाखालीही लिहिलं नाही. एखादी साइट फारच आवडली तर लिहायच्या, "आज चांगली आहे. उद्याचं तुम्ही बघा." मला हे शेरे रुक्ष वाटायचे. तसं म्हटलं की म्हणायच्या, "रुक्ष असू दे. कुणी बुडणार नाही."

डॉट कॉमवाले पुढं बंद पडले. काचेच्या इमारतीत दुसरं कुणी आलं. ती साइट त्यांच्या पानावरून निघाली ती अशी, अख्ख्या पानाबरोबर. अक्कांना सांगितलं तर म्हणाल्या, "शेवटी प्रोसेस झाली म्हणायची."

त्याच सुमारास मी साड्यांच्या कामासाठी म्हैसूरला गेलो होतो. परत आलो तर अक्का गेल्याचं कळलं. दुपारी छातीत दुखायला लागलं म्हणून भावाला हाक मारली, आणि दवाखान्यात पोचायच्या आत संपलं. मला अंत्यदर्शनही झालं नाही. बेळगावकर मात्र रात्रीच्या बसनं आले होते म्हणे.

नंतर पुष्कळ दिवस मी सायबर कॅफेत गेलो की अक्कांचं पान उघडायचो. पान होतं. पण एकेक पत्ता बंद पडत चालला होता. दाबलं की काहीच यायचं नाही. टाइपाची एक साइट गेली, मग रंगांची. मला काहीच करता येत नव्हतं. पासवर्ड फक्त त्यांना ठाऊक होता. जागा देणाऱ्या कंपनीला मी लिहिलं, तर आमची एक प्रोसेस असते, असं उत्तर आलं.

एक दिवस चीड अनावर झाली. कुणाची, ते सांगता येणार नाही. मी पानाखालच्या त्यांच्याच पत्त्यावर मेल लिहिली, "अक्का, वरून तिसरी साइट बंद आहे. काढून टाका."

मेल लगेच परत आली. कारण दिलं होतं, पेटी भरली आहे, नव्या पत्रांना जागा नाही.

लोक अजून विचारत होते.