नाझरांचं इमान

काहीही विचारा, नाना आधी उजव्या हाताचं बोट जिभेला लावायचे आणि ते ओलं बोट डोक्याच्या वर धरून क्षणभर गप्प राहायचे. नवख्या माणसाला वाटायचं, हे आता फायलीचं पान उलटणार. पान वगैरे काही उलटायचे नाहीत. "पश्चिमेचा आहे," असं म्हणायचे आणि मग उत्तर द्यायचे. कोर्टाच्या व्हरांड्यात पक्षकार रडकुंडीला आलेला आणि यांचं बोट वर! मी एकदा वैतागून म्हटलं, "नाना, त्या बिचाऱ्याला तारीख सांगा, वाऱ्याचं काय घेऊन बसलात?" तर म्हणाले, "सवय झाली हो भाऊ. वारा बघितल्याशिवाय तोंडच उघडत नाही."

नाना आमच्या कोर्टात नाझर होते. जळगावात तेव्हा कोर्ट काही एकच नव्हतं, तेव्हा कोणतं ते विचारू नका. नाझर म्हणजे कोर्टाचा हुकूम घेऊन लोकांच्या दारी जप्तीला जाणारा माणूस. भांडी, बैलगाडी, शिवणयंत्र, हुकमात असेल ते उचलायचं, पंचनामा लिहायचा, लाखेचं सील मारायचं. अशा माणसाला खूश ठेवायला लोक बघणारच. नाना मात्र जप्तीच्या गावी पाणीसुद्धा घरून नेलेल्या फिरकीच्या तांब्यातलं प्यायचे. कोर्टाची टाचणी चुकून सदऱ्याला लागून घरी गेली, तर दुसऱ्या दिवशी आणून डबीत टाकायचे. मी नकला करणारा कारकून. माझ्या घरी सरकारी टाचण्या किती होत्या, ते जाऊ द्या.

असा हा माणूस दर रविवारी विमान उडवायचा.

तुम्ही म्हणाल, पतंग असेल. आम्हीही तेच म्हणायचो, आणि नाना दुखावायचे. चांगलं पाच फूट पंखांचं विमान होतं ते. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा सांगाडा, त्यावर खळीनं चिकटवलेला पातळ कागद, आणि नाकाशी लिंबाएवढं इंजिन. भुसावळला रेल्वेत एक गोरा ड्रायव्हर होता. नाना त्याच्याकडे सुट्टीच्या दिवशी जाऊन बसत. देश सोडून जाताना तो ते इंजिन आणि विमानांच्या इंग्रजी मासिकांचा गठ्ठा नानांच्या हवाली करून गेला. इंजिनाला ईथर, रॉकेल आणि एरंडेल असं मिश्रण लागायचं. एरंडेल नाना बाटल्यांनी आणत. वाणी दर वेळी कळवळून विचारायचा, "नाना, पोटाला काही आराम?" आळीतल्या बायका नानांच्या घरी येऊन वहिनींना आडून आडून विचारायच्या. एकदा वहिनी चिडून म्हणाल्या, "एरंडेल विमान पितं, हे नाही!" तेव्हापासून लोक पोटाऐवजी डोक्याची चौकशी करू लागले.

पण खरी गंमत पुढेच आहे. हे विमान नुसतं उडायचं नाही, जमिनीवर उभं राहून नाना त्याला वळवायचे. बिनतारी! लष्कराच्या मोडीत निघालेल्या सामानातले रेडिओचे व्हॉल्व्ह मुंबईहून आणून त्यांनी एक यंत्र जुळवलं होतं, पत्र्याच्या डब्यात. त्याला एकच बटन. एकदा दाबलं की विमान डावीकडे, सोडलं की सरळ, पुन्हा दाबलं की उजवीकडे. मासिकात तरी तसं लिहिलं होतं. प्रत्यक्षात ते विमान कधी नानांचं ऐकायचं नाही. नाना डावीकडे म्हणत, ते सरळ जाई. नाना उजवीकडे म्हणत, तरी सरळच जाई. तेल संपलं की कुठल्या तरी शेतात उतरायचं, आणि आम्ही दोघं शिवार धुंडाळत फिरायचो. मी कशाला जायचो म्हणाल, तर परत आल्यावर वहिनी कळण्याच्या भाकरीबरोबर वांग्याचं भरीत वाढायच्या. त्या भरितासाठी मी सातपुड्यापर्यंत चालत गेलो असतो.

"एकदा, भाऊ," नाना काट्याकुट्यातून चालताना म्हणायचे, "एकदाच ते वळून माझ्याकडे आलं पाहिजे. मग बास."

बिनतारी यंत्राला सरकारी परवाना लागतो. नानांनी रीतसर अर्ज केला होता आणि 'आपला अर्ज विचाराधीन आहे' असं उत्तरही आलं होतं. ते उत्तर घडी करून त्यांच्या खिशात असायचं. उभ्या आयुष्यात नानांनी नियम वाकवला तो एवढाच. विचाराधीन म्हणजे अर्धी परवानगी, असं त्यांनी स्वतःला पटवून घेतलं होतं. हे सांगताना मात्र ते माझ्या डोळ्यांत बघत नसत.

आता एक भाषेची गोष्ट सांगतो. आमच्या खेड्यापाड्यांतून विमानाला विमान म्हणत नाहीत, इमान म्हणतात. आणि माणसाच्या सचोटीलाही इमानच म्हणतात. यात कधी कोणाची गफलत व्हायची नाही. आमच्या लोकांना ते बरोबर कळतं. पण आमचे जज्जसाहेब कोकणातले होते आणि येऊन पुरता महिना झाला नव्हता.

जळगावाच्या पूर्वेला एका आबांची केळीची बाग होती. नानांच्या विमानाला का कोण जाणे, तीच बाग आवडायची. तिसऱ्यांदा विमान घडावर आदळलं तेव्हा आबांचं डोकं फिरलं. लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यांनी ओळखीच्या माणसाकडून अर्ज लिहवून घेतला आणि थेट साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्याची नक्कल मीच केली, म्हणून शब्द न् शब्द पाठ आहे: 'आपले नाझर यांचे इमान माझ्या केळीत गेले. याआधीही दोनदा त्यांचे इमान असेच घसरले, पण मोठा माणूस म्हणून मी बोललो नाही. ते दर रविवारी इमान घेऊन येतात व मोडके इमान घेऊन जातात. तरी मेहेरबान साहेबांनी त्यांचे इमान आमच्या शिवारात येऊ देऊ नये.'

साहेबांनी नानांना बोलावलं. मी नकला घेऊन तिथंच उभा होतो.

"या माणसाच्या केळीत तुमचं इमान गेलं, हे खरं आहे?"

"खरं आहे साहेब," नाना मान खाली घालून म्हणाले.

साहेबांचं पेन हवेतच राहिलं. एवढ्या लवकर कबुली देणारा माणूस त्यांना नोकरीत भेटला नसावा.

"किती वेळा?"

"इथं तीनदा. एकदा बोरीत अडकलं होतं, पण ते शेत दुसऱ्याचं."

"लाज नाही वाटली?"

"वाटली ना साहेब. पण एकदा सुटलं की मग माझ्या हातात राहत नाही."

"घरी हे माहीत आहे?"

"मोडलं की बायकोच चिकटवून देते."

साहेब लालबुंद झाले. "आणखी कोण कोण आहे यात?"

नानांनी माझ्याकडे बोट दाखवलं. माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. मी "साहेब," एवढं म्हणतोय तोच ते कडाडले, "तुम्ही गप्प राहा! नाझर, उद्या सकाळी लेखी खुलासा. पटला नाही तर घरी बसायची तयारी ठेवा."

बाहेर आलो तर नानांचा चेहरा खुललेला. म्हणाले, "साहेबांना नाद दिसतोय विमानाचा. किती बारकाईनं विचारत होते!"

मी कपाळाला हात लावला. "अहो नाना, ते विमानाचं नाही विचारत. तुम्ही केळी खाऊन जप्त्या सोडता, असं वाटलंय त्यांना! लाचेची कबुली देऊन आलात तुम्ही!"

नाना मटकन बाकावर बसले. मग अगदी हळू म्हणाले, "मी? लाच?" त्यांच्यासारख्या माणसाचं असं तोंड झालेलं मला बघवेना. तीस वर्षं दुसऱ्याच्या घरचं पाणी प्यायलं नव्हतं हो त्यांनी.

"खरं लिहा आणि मोकळे व्हा," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच जीभ चावली. खरं लिहायचं म्हणजे बिनपरवान्याचं बिनतारी यंत्र आलं. सरकारी नोकर, तोही कोर्टाचा! खोटं लिहावं तर इमान जातंय आणि खरं लिहावं तर विमान, कदाचित नोकरीसुद्धा. इकडे आड आणि तिकडे विहीर.

मी डोकं लढवलं. "नाना, पतंग लिहा. मोठा पतंग केळीत पडला. आबा काय कोर्टात शपथ घ्यायला येणार आहेत?"

नानांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझ्या घरच्या सगळ्या टाचण्या आठवल्या.

"पतंग नव्हता ना पण तो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चार पानी खुलासा साहेबांसमोर गेला. विमानाची लांबी, रुंदी, इंजिन, एरंडेल, बटन, सगळं त्यात होतं. शेवटी लिहिलं होतं, 'यंत्राचा परवाना अद्याप आलेला नाही, हे माहीत असूनही मी ते वापरत आलो.' साहेब वाचू लागले आणि गोंधळात पडले. शिपायाला विचारलं, "इमान म्हणजे काय रे?" शिपाई शिंदखेड्याकडचा, अहिराणी बोलणारा. तो म्हणाला, "वर उडस ना साहेब, ते इमान शे. नानानं इमान तं बठ्ठा गावले माहीत शे!"

साहेब हसायला लागले. इतके हसले की टेबलावरचा पाण्याचा पेला कलंडला. मीही हसलो, शिपाईही हसला. नाना तेवढे हसले नाहीत, कारण साहेबांनी अजून चौथं पान उलटलं नव्हतं. ते वाचलं आणि साहेबांचं हसू मावळलं. त्यांनी चारही पानं जुळवून ठेवली. मग म्हणाले, "तुमच्या सचोटीबद्दल माझ्या मनात आता शंका नाही. पण हे मी वाचलं. आता वाचलं नाही असं करता येणार नाही मला. परवाना येईपर्यंत यंत्र आणि विमान जप्त करून सीलबंद ठेवा."

"कोणी करायची जप्ती साहेब?" मी मध्येच तोंड घातलं.

"जप्ती माझंच काम आहे," नाना म्हणाले.

साहेबांनी हुकूम लिहिला आणि सही करण्याआधी एक ओळ स्वतःच्या हातानं वाढवली: 'वस्तूची स्थिती प्रत्यक्ष तपासून पंचनाम्यात नमूद करावी.' ती ओळ त्यांनी का घातली, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

रविवारी सकाळी आम्ही मेहरूणच्या माळावर गेलो. पंच दोन, मी आणि केळीवाले आबा. झाला प्रकार कळल्यापासून आबा पार खजील झाले होते. "नाना, मी अर्ज मांघं घेतो ना. माह्या केयीचं काय, पडू द्या किती पडतं ते!" ते सारखे म्हणत होते. नाना त्यांना समजावत होते, "आबा, आता ते तुमच्या हातात नाही. इथं अंगठा करायचाय तुम्हाला." पंचनाम्याचे कागद नानांनी घरूनच लिहून आणले होते. 'कोणाकडून जप्त केले' तिथं नानांचं नाव. 'कोणी जप्त केले' तिथंही नानांचंच.

"स्थितीचा रकाना तेवढा कोरा आहे," नाना म्हणाले. "तपासल्याशिवाय कसं लिहिणार?"

इंजिन घरघरलं. मी पळत जाऊन विमान सोडलं. ते केळीच्या दिशेनं निघालं, नेहमीसारखं. आबा कपाळाला हात लावून बघत होते. नानांनी बटन दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. आणि विमान वळलं! आधी वाटलं, वारा असेल. पण नानांनी बटन सोडलं तसं ते सरळ झालं आणि आमच्याकडे यायला लागलं. डोक्यावरून गेलं, पलीकडे जाऊन पुन्हा वळलं. नाना सांगतील तसं. आबा ओरडले, "आलं! आलं रे बाप्पा, आलं!" मी तर भान सोडून नाचलो. माझं वय तेव्हा नाचायचं नव्हतं. तेल संपलं, इंजिन थांबलं आणि विमान घरंगळत येऊन नानांपासून चार पावलांवर उभं राहिलं.

नाना जागचे हलले नाहीत. डबा छातीशी धरून उभे होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. मग उपरण्यानं तोंड पुसलं, उकिडवे बसले आणि मला म्हणाले, "लिहा. चालू स्थितीत."

मी लिहिलं. मला अक्षर दिसत नव्हतं. नानांनी पंख सोडवून विमान लांबट पेटीत ठेवलं, यंत्र ठेवलं, दोरी बांधली, मेणबत्तीवर लाख वितळवली आणि सील मारलं. सील एकदम सरळ होतं.

ती पेटी आमच्या कोर्टातल्या एका कपाटात गेली. कपाटाची किल्ली नाझरांकडे, म्हणजे नानांच्याच जानव्याला. परवाना आला नाही, आणि 'मिळणार नाही' असंही कोणी कळवलं नाही. मी कधीमधी चिडवायचो, "नाना, किल्ली तर तुमच्याकडेच आहे. रविवारी बघतंय कोण?" ते नुसतं "हं" म्हणायचे. त्या कपाटातलं काही काढायचं झालं, तर किल्ली माझ्या हातात देऊन मला पाठवायचे. स्वतः कधी गेले नाहीत. चार वर्षांत एकदाही नाही.

मग त्यांची धुळ्याला बदली झाली. नव्या नाझरांना चार्ज देताना एकेक वस्तू मोजून झाली, सह्या झाल्या. नानांनी जानव्याची किल्ली सोडून त्यांच्या हातावर ठेवली. मोटारीची वेळ झाली होती, मी त्यांची वळकटी उचलली. दारापर्यंत गेलेले नाना परत फिरले आणि नव्या नाझरांना हात जोडून म्हणाले, "एक विनंती होती. आता मी इथला कोणी नाही. नियमात बसत असेल, तर ते कपाट एकदा उघडून दाखवता का?"

नव्या माणसानं बुचकळ्यात पडून कपाट उघडलं. नाना आत वाकले. पेटीवर धूळ होती, ती त्यांनी फुंकरीनं उडवली. सीलला हात लावला नाही. थोडा वेळ तसेच वाकून उभे राहिले.

"लावून घ्या आता," ते म्हणाले. "इथं उंदीर फार आहेत."