कॅमोमाइलची धूळ

परदेशात आल्यावर डँडेनॉन्गला हर्बल टीच्या एका फॅक्टरीत मी पॅकिंगला लागले, तेव्हा मैत्रिणींना हेवाच वाटला. दिवसभर फुलांच्या वासात काम! कॅमोमाइलच्या वाळलेल्या फुलांचं पोतं उघडलं की सफरचंदासारखा गोड वास यायचा. पहिले पंधरा दिवस मलाही तो फार आवडला.

मग डोळे चुरचुरायला लागले. शिफ्ट संपेपर्यंत छातीत शिट्टी वाजायची. कॅमोमाइल शेवंतीच्या कुळातलं, आणि ठाण्याला लहानपणी पूजेसाठी शेवंती आणली की मी शिंकून बेजार व्हायचे. डॉक्टरांनी तपासून अ‍ॅलर्जी असल्याची चिठ्ठी दिली.

सुपरवायझर हसला. "कॅमोमाइलचा त्रास? अगं मेट, लोक ते पिऊन शांत झोपतात!" मग चिठ्ठी वाचून म्हणाला, "नो वरीज. उद्यापासून तू खोक्यांच्या सेक्शनला."

"आणि माझं मशीन?"

त्याने शेजारच्या मशीनवरच्या अफगाण बाईकडे बोट दाखवलं. "ती दोन्ही बघेल."

ती बाई महिनाभर खोकत होती. नोकरी जाईल म्हणून बोलत नव्हती, एवढंच.

माझं डोकं सणकलं. "मी हलणार नाही. आधी धूळ ओढून घेणारा पंखा बसवा."

"तू घरी जा, शांत हो. उद्या बोलू."

"मी शांतच आहे. तक्रारीचा फॉर्म दे."

फॉर्म पूर्ण भरला. इंग्रजी कुठेकुठे चुकलं असेल, पण खोडाखोड केली नाही. ग्लोव्हज काढून मशीन बंद केलं आणि तिथेच उभी राहिले. ती बाई क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग तिनेही मशीन बंद केलं.

लाइन थांबली तसा मॅनेजर धावत आला. आधी ओरडला, मग फॉर्म वाचून पंखा मागवायला तयार झाला.

पंखा यायला सहा आठवडे लागले. तोवर आम्हाला चांगले मास्क मिळाले, आणि माझ्या आठवड्याच्या पाच शिफ्टच्या तीन झाल्या. कारण कुणी सांगितलं नाही. नवरा म्हणाला, "सोड ना, दुसरीकडे बघ." नाही बघितलं. पंखा सुरू झाल्यावरच मी खोक्यांच्या सेक्शनला गेले, आणि पुढच्या महिन्यात सेफ्टी रेपच्या, म्हणजे कामगारांच्या सुरक्षा प्रतिनिधीच्या, निवडणुकीला उभी राहून निवडून आले.

शिफ्ट अजून तीनच आहेत. चौथी मी दर सोमवारी ऑफिसात जाऊन मागते.